अर्धी गोष्ट सांगा, उरलेली आम्ही बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या गाजलेल्या चित्रपटांची यादी आली होती. मी तिचं कात्रण काढून ठेवलं आहे. नाव, देश, साल, दिग्दर्शक, मिळालेली पारितोषिकं, सगळं त्यात होतं. आमच्या ओसरीवर ती यादी मी मोठ्याने वाचून दाखवली. सगळी ऐकून झाल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "पण आहे काय त्यात?" त्यांच्या या प्रश्नामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी १९७४ ते १९९१ टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. पुसेगाव, म्हसवड, पाल, जिथे जत्रा तिथे आमचा तंबू. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं रीळ चढवायचं, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या बघायच्या आणि पुन्हा अंधार. मालकांकडे जीपमधून पुकारा करणारा एक माणूस होता. कर्णा लावून वाड्यावस्त्यांवर फिरायचा. नटनटींची नावं तो सगळ्यांत शेवटी घ्यायचा. आधी गोष्ट सांगायचा, आणि तीही बरोबर अर्धी. "आईच्या हातात पत्र पडलं. पत्रात काय होतं? रात्री ठीक साडेनऊ वाजता!" तेवढ्यावर तंबू भरायचा. चित्रपट दुसऱ्याला कसा सुचवावा, हे मी त्याच्याकडून शिकलो.

गेली दोन वर्षं शनिवारी रात्री आमच्या ओसरीवर चित्रपट असतो. गणेश मंडळाचा प्रोजेक्टर, माझ्या घरची पांढरी चादर आणि साताऱ्याला कॉलेजात शिकणाऱ्या नातीचा लॅपटॉप. पंधरा-वीस माणसं येतात, त्यात बायका जास्त.

सुरुवात केली जपानी 'नेकेड आयलंड'पासून. १९६०चा, कृष्णधवल, दिग्दर्शक कानेतो शिंदो. त्यात जवळजवळ संवादच नाहीत, म्हणजे वाचायची अडचण नाही, म्हणून तो निवडला. समुद्रात एक उघडंबोडकं बेट, त्यावर एकच घर. नवरा, बायको, दोन मुलगे. चहूकडे पाणी आणि पिकाला थेंब नाही. अंधारात उठून होडी वल्हवत पलीकडच्या काठाला जायचं, लाकडी बादल्या भरायच्या, होडीतून आणायच्या आणि खांद्यावर दांडी घेऊन उभ्या चढणीने वर न्यायच्या. मग एकेका रोपाच्या बुडाशी बेताने ओतायचं. माती ते पाणी कशी पिऊन टाकते, तेही जवळून दाखवलं आहे. नोबुको ओतोवा या नटीच्या खांद्यावरची दांडी वाकलेली दिसते. त्या बादल्या रिकाम्या नसाव्यात.

आम्ही माण तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडीवर पोरं जगवलेल्या, पुढे टँकरच्या मागे हंडे घेऊन धावलेल्या बायका ओसरीवर होत्या. त्या हळूहळू पुढे सरकून बसल्या. दर चैत्रात शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी वर चढताना आम्ही बघतो. एक आत्या पुटपुटल्या, "आपली कावड देवाला, हिची रताळ्याला."

पुढे एका चढावर त्या बाईचा पाय घसरतो आणि एक बादली लवंडते. नवरा येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. आमच्याकडेही कुणी बोललं नाही. चित्रपट संपल्यावर, चहा झाल्यावर, सत्तरी ओलांडलेले एक तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या हातनं हे झालंय. एका घागरीपायी." त्यांच्या घरचं माणूस आता हयात नाही. सतरा वर्षं मी मशीन चालवलं, चित्रपट बघून रडणारी माणसं खूप पाहिली, पण असं बोललेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

चित्रपटात ती बादली पुन्हा एकदा लवंडते. या वेळी ती बाई स्वतःच्या हाताने लवंडते. का, आणि तेव्हा नवरा काय करतो, ते सांगत नाही.

त्याच चित्रपटात मुलांना एक मोठा मासा सापडतो आणि तो विकायला सगळे ओनोमिची या गावात जातात. याच ओनोमिचीचे म्हातारा-म्हातारी यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी'त (१९५३) मुलांकडे राजधानीत येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं केस करून देण्याचं दुकान. दोघांनाही वेळ नाही. वेळ काढते ती लढाईत गेलेल्या मुलाची बायको. आमच्याकडची कितीतरी मुलं सोनं-चांदी वितळवण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात दूर गेली आहेत. माझा धाकटाही तमिळनाडूत आहे. त्यामुळे कुणाला गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. मात्र त्यात बोलणं पुष्कळ आहे आणि खाली ओळी येतात त्या इंग्रजीत. नात त्या वाचून माणदेशीत सांगत होती. तिचा घसा बसला आणि मागे बसलेल्यांना निम्मं ऐकूच आलं नाही.

इथे माझं खरं म्हणणं आहे. दूरदेशीचा चित्रपट आता घरात बसून बघता येतो, पण मराठी ओळींसह शोधायला जावं तर हाती काही लागत नाही. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनाच जग बघायला मिळतं. खरं तर या ओळींची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, कुठली ओळ कोणत्या सेकंदाला यायची आणि कधी जायची, एवढंच त्यात लिहिलेलं. नातीने गेल्या सुट्टीत एका चित्रपटाच्या सगळ्या ओळी मराठीत लिहिल्या. चार आठवडे लागले. साताऱ्यात, सांगलीत, कराडात भाषा शिकवणारी आणि शिकणारी एवढी माणसं आहेत. एकेकाने वर्षाला एक चित्रपट घेतला तरी किती होतील.

तिने घेतला होता आइसलंडचा 'रॅम्स' (२०१५), दिग्दर्शक ग्रिमुर हाकोनार्सन. दोन सख्खे भाऊ, दोघेही मेंढपाळ, शेजारी-शेजारी राहणारे. चाळीस वर्षं एकमेकांशी अबोला. निरोप द्यायचा तर चिठ्ठी कुत्र्याच्या तोंडात द्यायची. मेंढ्यांच्या स्पर्धेत परीक्षक मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवून पारख करतो, तेव्हा आमच्या वस्तीवरचे धनगर मामा उठून उभेच राहिले. "आपण पण हितंच हात घालतो," म्हणाले. बर्फाच्या देशातला माणूस तोच हात तिथेच घालतो, याचा त्यांना झालेला आनंद मला सांगता येणार नाही. मग त्या खोऱ्यात मेंढरांच्या मेंदूचा रोग येतो. सरकारी हुकूम निघतो, सगळी मेंढरं मारायची. आणि धाकट्याच्या घराखाली एक तळघर असतं.

इराणचा माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. भाऊ-बहीण आणि दोघांत मिळून बुटांचा एकच जोड. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी त्यातलं साखर फोडण्याचं दृश्य पुन्हा बघावं. बाप मशिदीची साखर फोडत बसला आहे, पुढ्यात ढीग आहे, आणि आपल्या चहाला तो त्यातला एक खडा घेत नाही.

आपल्याला विनंती अशी, की आठवड्यातून एकदा वाचकांसाठी एक चौकट ठेवा. कुणीही, कुठल्याही देशाचा, आपल्याला आवडलेला एक चित्रपट सुचवावा. पारितोषिकं नकोत, तारेही नकोत. त्यात कोण आहे, त्याच्यावर काय वेळ येते, बोलणं किती आहे आणि मराठी ओळी मिळतात का, एवढं लिहावं. आणि शेवट मात्र कुणी सांगू नये.

पहिली मागणी आमच्याकडूनच घ्या. 'रॅम्स' पाहिल्यापासून धनगर मामा दर शनिवारी विचारतात, "आणखी मेंढरांचा हाय का?" कुणाला माहीत असेल तर आपल्या पत्रातून कळवावं. भाषा कुठलीही चालेल, नातीला पुढची सुट्टी आहेच. नाव नंतर सांगितलं तरी चालेल. मेंढरं किती आहेत आणि त्यांना चरायला कुठे नेतात, ते आधी सांगा.

आपला,
एक जुना ऑपरेटर
दहिवडी, ता. माण, जि. सातारा