अकरावीला जीवशास्त्र सोडण्याआधी

दहावीच्या निकालानंतर अकरावी विज्ञानच्या ‘द्विलक्ष्यी (बायफोकल) कॉम्प्युटर’ या व्यावसायिक विषयासाठी झुंबड उडते. हा विषय 200 गुणांचा. तो सहसा दुसरी भाषा आणि जीवशास्त्र या दोन्हींच्या जागी बसतो, हे फॉर्म भरताना अनेकांच्या ध्यानातच येत नाही. मग बारावीत वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आठवते! तिथे तर निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. उलट, गणित सोडले की सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट आणि त्याबरोबर अभियांत्रिकी हातची जाते. बी.फार्मसीला मात्र पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), कोणताही गट चालतो. ज्यांचे नक्की ठरलेले नाही, त्यांनी गणित आणि जीवशास्त्र धरून हे चारही विषय ठेवावेत. प्रात्यक्षिक वह्या वाढतात खऱ्या, पण दोन्ही वाटा खुल्या राहतात. महाविद्यालयांनीही विषयगटाशेजारी तो निवडल्यास विद्यार्थ्याला बंद होणारे अभ्यासक्रम छापावेत.

– एक वाचक, सातारा