बादलीवरून झालं ते

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू माझ्या हातातून ओल्या कपड्यांची बादली ओढून घेतलीस आणि मी ओरडले. सकाळी न बोलताच गेलास. रात्री झोपला होतास का? बरं, ते राहू दे.

बादली अर्धीच होती रे. दुखण्यावरच्या वर्गात फिजिओबाई सांगत होत्या, तेव्हा तूच शेजारी बसून वहीत उतरवून घेत होतास. दुखणं 3 महिन्यांपलीकडे लांबलं की बरेचदा मूळ जखम भरलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते आणि साध्या हालचालीलाही कळ उठवते. प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे. मी मात्र प्रत्येक कळ नवी इजाच समजून दोन वर्षं पडून राहिले, पायांच्या काड्या झाल्या. जरा बरं वाटलं की सगळं घर आवरायचं, मग तीन दिवस अंथरूण. आता घड्याळ लावून 10 मिनिटं काम, दुखायच्या आधीच थांबायचं. काल 8 झाली होती.

मी कूस बदलली की तुझ्या खोलीत दिवा लागतो, दाराखालून दिसतो मला. मग मी कण्हणं दाबते, अंग आखडतं, ठणका वाढतो. तासातासाला ‘दुखतंय का?’ विचारू नकोस, ‘आज किती चाललीस?’ विचार. पाय अचानक लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र मला न विचारता दवाखान्यात ने. सांभाळणाऱ्याची झोप हाही उपचाराचाच भाग, असं बाई शेवटी म्हणाल्या. तेव्हा तुझी वही मिटलेली होती.

घेतली ना पुन्हा शाळा! चुकलं माझं.

पाचवीत तुझं प्लास्टर निघालं, तरी महिनाभर हात पोटाशी धरून फिरायचास. मीच वापरू देत नव्हते. एक दिवस बाबांनी न सांगता चेंडू फेकला आणि तू झेललास. केवढी चिडले होते मी त्यांच्यावर!

मावशीला तू ठणकावून सांगितलंस ना, ‘एमआरआयमध्ये काही दिसत नाही म्हणजे आईला दुखत नाही असं नाही,’ ते मी दाराआडून ऐकलं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने असं कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी मित्रांकडे राहायला जा. मी फोन उशाशी ठेवीन. आणि तिथे तरी झोप रे.

तुझी,
आई