सिस्टर, रात्री 2ची गोळी

सिस्टर,

सप्रेम नमस्कार. पेढ्यांचा बॉक्स तुम्ही दारातूनच परत केलात, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता परत करायची सोय नाही.

अण्णांचा फुप्फुसाचा कॅन्सर औषधांना जुमानेना, तेव्हा त्यांना काळाचौकीच्या आमच्या खोलीत आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोबत दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या, आणि घरी येऊन बघणाऱ्या नर्स म्हणून तुम्ही. चाळीत लगेच चर्चा: "ती नशेची असते, सवय लागते." मीही घाबरलो. अण्णा शांत झोपलेत बघून रात्री 2ची गोळी दिलीच नाही. पहाटे खाटेची कड धरून ते जे कण्हले, ते अजून कानात आहे.

फोनवर तुम्ही ओरडला नाहीत. "दर 4 तासांनी. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी," एवढंच. मग डॉक्टरांना विचारून रात्री 10चा डोस दुप्पट करून घेतलात, म्हणजे 2 वाजता कुणी उठायलाच नको. आणि सकाळी आल्या आल्या विचारलंत, "शौचाला कधी झाली?" मॉर्फिनने पोट बांधलं जातं, त्याचं औषध रोज सोबतच द्यायचं, हे मला तेव्हा कळलं.

दम लागला तेव्हा मी ऑक्सिजनचा सिलिंडर शोधायला निघालो होतो. तुम्ही शेजारचा टेबलफॅन मागवलात, पाठीला उशा लावल्यात, वारा थेट तोंडावर. थोड्या वेळाने अण्णांनी डोळे उघडून विचारलं, "बिल कोण भरणार?" (त्यांचं शेवटचं धड वाक्य. जन्मभर मीटर बघत बसले होते.)

आईचं मात्र अवघड होतं. ती पेज भरवायचा हट्ट सोडेना. तुम्ही तिच्याशेजारी लादीवर बसलात. "आजी, आता गिळता येत नाही त्यांना. घास छातीत जाईल." तिच्या हातातला चमचा काढून घेतलात, पण हात रिकामा ठेवला नाहीत. ओल्या गॉजने तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं. शेवटचे तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही.

शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू झाली. तुमच्या सांगण्यावरून कुशीवर वळवलं, आवाज कमी झाला. "त्यांना त्याचा त्रास होत नसतो, तुम्हाला होतो," म्हणालात. पहाटे गेले. कुणी धावपळ केली नाही.

तुमची निळी छत्री इथेच राहिली आहे. घ्यायला या. आई चहा केल्याशिवाय देणार नाही.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा