पव्यास पत्र: हळदीचा डाग आणि पोराचं सायन्स

सांगली

प्रिय पव्या,

तुझा मेसेज मिळाला, पण मोबाईलवर अंगठ्यानं एवढं टायपण्यापेक्षा म्हटलं निवांत लिहावं. तुझ्या पोराला शाळेत शिकवलंय की बदल उलटा करता आला तर भौतिक, नाही आला तर रासायनिक. बर्फ वितळला, परत गोठवला, भौतिक. कागद जळला, राख झाली, रासायनिक. पेपरात मार्कं मिळवायला ठीकाय लेका, पण हा नियम घेऊन पोरगं आमच्या मार्केट यार्डात आलं तर हळदच त्याला गंडवेल.

करून बघा घरी. जुन्या पांढऱ्या बनियनला आमटीचा डाग पाडा आणि त्यावर साबण घासा. पिवळा डाग लाल होतो. साबण अल्कली असतो ना, हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कुर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन तो काढून घेतो आणि रंग बदलतो. मुकामाराला आपण हळद-चुना लावायचो तो लेप लाल व्हायचा, ते हेच. आता त्याच डागावर लिंबू पिळा, परत पिवळा! म्हणजे उलटा झाला की, तरी बदल रासायनिकच. आणि तोच बनियन कडक उन्हात वाळत घाला, डाग फिका पडत जातो कारण उजेडानं कुर्क्युमिन तुटतं, हा पण रासायनिकच, पण ह्याला कितीबी लिंबू पिळा, पिवळेपणा परत येत नाही. एकाच डागावर दोन्ही तऱ्हा. उलट हळकुंड गिरणीत दळून आणलं तर त्या पावडरीचं परत हळकुंड कुणाच्या बापाला जमणार नाही, पण तो बदल भौतिक, कारण दळायच्या आधी पण हळद आणि नंतर पण हळदच. त्यामुळं पोराला सांग, उलटं होतंय का ते सोड, नवीन पदार्थ तयार झाला का ते विचार.

आता खरी गंमत शिजवण्यात आहे. शेतातून काढलेली ओली हळद पहिल्यांदा शिजवतात, पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून वर पाला झाकून, आता बऱ्याच ठिकाणी वाफेचा कुकर असतो. फेस आला, वास सुटला, काडी टोचली की आरपार गेली, म्हणजे शिजली. आत काय होतं तर स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, रंग सगळीकडं सारखा पसरतो. नवीन पदार्थ कुठाय? पण त्याच वेळी उष्णतेनं एन्झाइम मरतात, कोंब फुटायची ताकद जाते, ते काय भौतिक म्हणायचं? दोन्ही एकदम चाललेलं असतं, आणि माझं मत विचारशील तर पोरांना हे सरळ सांगावं, दोन खणात कोंबायला लावू नये. नंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, त्यात मुख्यतः पाणी उडून जातं आणि पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण एक क्विंटल राहते, मोडली की खट्कन आवाज येतो. पॉलिशच्या ड्रममध्ये तर नुसतं घासून साल निघतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

भौतिक आणि रासायनिक गुणधर्माचं पण तसंच. त्याला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं सांग. जमिनीत खोल खड्डे, वरनं तोंड बारीक, त्यात हळद भरून तोंड बंद करून टाकायचे. आतला ऑक्सिजन किडे-बुरशी वापरून संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, मग किड्यांनाच जगायला हवा उरत नाही, औषध मारायची गरज नाही. पण पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. हा वायू हवेच्या साधारण दीडपट जड, त्यामुळं वर न येता तळाशी बसून राहतो, हा भौतिक गुणधर्म. आणि त्यात दिवा-कंदील जळत नाही, हा रासायनिक, म्हणून जुनी माणसं आधी कंदील खाली सोडून बघायची, विझला तर उतरायचं नाही. (कंदील विझला नाही म्हणून हवा चांगलीच आहे असं पण नसतं, पोराला हे बजावून सांग, नाहीतर कुठल्या तरी विहिरीवर प्रयोग करायला जाईल.) 2005 च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि हळद कुजली. वाळवताना पाणी गेलं होतं तेवढंच परत आलं, पण त्यातनं ओली हळद परत मिळाली नाही, मिळाला तो सडका लगदा. त्या पुरानंतर कितीतरी पेवं बंद पडली ती पडलीच.

सौदे जोरात असतील तेव्हा सुट्टी काढून पोराला घेऊन ये, हळदीचे ढीग त्याला प्रत्यक्ष दाखवतो. येताना वहिनींना विचार, हळकुंडं आणायची का दळलेली. दळलेली पाहिजे तर आधी सांग, माझ्या समोर दळून घेतो.

तुझा,
बंड्या