आईच्या टीव्हीच्या बटणाला रबर लावणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

रविवारी तुम्ही पैसे घेतलेत, पाणी प्यायलात, स्कूटर चालू केलीत आणि गेलातसुद्धा, मी दारात उभी राहून नुसतं "बरं, या हं" म्हणाले. घसाच दाटून आला होता हो. नीट आभार मानायचे राहून गेले म्हणून आता लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला पाहिजे.

आईचा जुना काळा-पांढरा टीव्ही घेऊन तुमच्याकडे यायच्या आधी तीन दुकानं झाली होती. एकाने सेट बघितलासुद्धा नाही, भंगारात द्या म्हणाला. दुसऱ्याने एक्सचेंजमध्ये नवीन एलईडी घ्या म्हणून अर्धा तास डोकं खाल्लं. तिसऱ्याने ठेवून घेतला आणि तीस वर्षं माळ्यावर पडलेला सेट सरळ प्लगात घातला, जळका वास आला, मग दीड महिना फोन उचलला नाही आणि परत दिला तेव्हा मागच्या झाकणाचे चार स्क्रू गायब. आई रिक्षात बसली होती, तिच्यासमोर म्हणाला, "आजींना काय कळतंय, रंगीत काय नि काळं-पांढरं काय." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. आई काही बोलली नाही. घरापर्यंत नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

तिला काय कळतं ते सांगते. तो सेट आमच्याकडे ७८ साली आला, लाकडी, सरकत्या शटरचा. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात तेव्हा तो एकच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या टॉवरमुळे आपल्या पुण्यात दिसायला लागलं, पण आमच्या वाड्यात यायला मधली पाच वर्षं गेली. मग काय, रविवारी संध्याकाळी हिंदी पिक्चरला अख्खा वाडा आमच्या दोन खोल्यांत, चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत. दादा माझा गच्चीवर अँटेना सिंहगडाच्या दिशेला फिरवत "आलं का? आलं का?" ओरडायचा आणि खालून सगळे "मुंग्या आहेत अजून!" आई टीव्हीशेजारच्या स्टुलावर. ती जागा तिचीच. पिक्चर ऐन रंगात आला की चित्र खालून वर पळायला लागायचं, पोरं किंचाळायची "काकू, चित्र पळालं!" आणि आई पडद्याकडे बघतच हात मागे न्यायची, व्हर्टिकल होल्डचं बटण केसभर फिरवायची, चित्र गप उभं. वडलांना नाही जमायचं ते, कुणालाच नाही. मांडीवर निवडायचं ताट असायचं, दुसरा हात तांदळातच.

आता ती ८२ ची आहे. संधिवाताने बोटं वाकलीत. नवीन टीव्हीच्या रिमोटवर एवढी बटणं, दोनदा चुकलं की ती बाजूला ठेवून देते आणि आम्ही लावू ते बघते. घरात जो येतो तो तिच्याबद्दल मला विचारतो, जेवतात का, झोपतात का, आणि ती समोरच बसलेली असते.

आणि तुम्ही आलात, सेट टेबलावर ठेवलात आणि मला नाही, आईला विचारलंत, "मावशी, चित्र किती गडद लागायचं तुम्हाला?"

दुरुस्तीचं मला फारसं कळत नाही. करंट हळूहळू चढवत नेला, सुकलेले कंडेन्सर बदलले, अँटेनावरचं तसलं प्रक्षेपण आता नाही म्हणून लॅपटॉप जोडायला एक छोटी डबी बसवली, एवढं समजलं. कसब तुमच्या हातात आहेच, पण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. चित्र आलं, पळायला लागलं, आईने सवयीने हात मागे नेला आणि बटण तिच्या बोटांतून सटकलं. दोनदा. तुम्ही पुढे होऊन एका सेकंदात चित्र स्थिर करू शकला असता, मीच तुम्हाला म्हणणार होते "जरा करा ना." तुम्ही काहीच बोलला नाहीत. पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढलात, कात्रीने बोटभर रुंदीची रिंग कापलीत, तोंडाने फुंकून धूळ झटकलीत आणि ती त्या बटणावर चढवलीत. पहिली सैल झाली म्हणून काढून दुसरी कापलीत. मग दोन पावलं मागे सरकून म्हणालात, "आता बघा मावशी, धरता येतंय का."

धरता आलं हो. चित्र उभं राहिलं.

बिलात त्या रबराचे पैसे नव्हते. मी नंतर तीनदा बघितलं.

तुम्ही गेल्यावर लेकीने जुन्या दूरदर्शनसारखी संध्याकाळ लावली. आधी ती गोल फिरणारी खूण आणि तिची ट्यून, ती वाजल्यावर आई सरळ होऊन बसली. तिला चिमणराव हवा होता, तो काही आम्हाला सापडला नाही, पण 'गजरा' कार्यक्रमाचा एक भाग मिळाला. आमची माती आमची माणसंच्या वेळेला आई म्हणाली, "आता वाड्यातले सगळे चहाला उठायचे." बातम्यांना लेक स्वतः आतल्या खोलीत मोबाइलसमोर साडी नेसून बसली आणि त्या दिवशीचा पेपर वाचला, टीव्हीवर ती काळी-पांढरी दिसत होती, आई म्हणाली, तेव्हा बातम्या द्यायच्या त्या भक्ती बर्वेसारखी मान ठेव गं. मध्येच वायर निघाली तर लेकीने कागदावर "व्यत्यय" लिहून पडद्यासमोर धरलं. मग छायागीत म्हणून जुनी गाणी, आणि शेवटी राजा परांजप्यांचा एक सिनेमा. चार तासांत चित्र पाच-सहा वेळा पळालं. प्रत्येक वेळी आम्ही मोठमोठ्याने ओरडलो, "काकू, चित्र पळालं!" आणि प्रत्येक वेळी आईने ते थांबवलं. बंद केल्यावर मधोमध तो पांढरा ठिपका राहिला, तो विझेपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही.

पुण्यात हुशार कारागीर कमी नाहीत दादा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत हिंडलं की दिसतात. पण म्हाताऱ्या माणसाशी त्याच्याकडे बघून बोलणारा, आणि त्याचं काम त्याच्या हातातून काढून न घेणारा माणूस मला कितीतरी महिन्यांनी भेटला. डॉक्टर झाले, बँकवाले झाले, आमचे नातेवाईक झाले, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःसुद्धा, तिच्या औषधाच्या पाकिटाची घाई करते, आण इकडे, मी फोडते. सोमवारपासून नाही फोडत. वेळ लागतो तिला, लागू दे.

रिंग छान घट्ट बसलीये, पण अजून दोन कापून ठेवाल का, गुरुवारी त्या बाजूला येणार आहे तेव्हा घेऊन जाईन. आणि आई विचारतेय, येत्या रविवारी संध्याकाळी मोकळे आहात का. वहिनींनाही आणा. खुर्ची पुढे ठेवते म्हणाली, स्टूल मात्र तिचं.

तुमची,
कोथरूडची ताई