आयपॉड परत आला, पण माझी जुनी डिस्क कुठंय?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बॅटरी आणि स्टोरेज बदलायला दिलेला आयपॉड न विचारता मॅकवर रिस्टोर केला आणि जुनी हार्ड डिस्क परत दिली नाही, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

ऑर्डर नंबर आणि बिलाचा फोटो सोबत जोडलाय. चॅटवर तीनदा सगळं सांगून झालं, दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून पाठवतोय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझा आयपॉड व्हिडिओ, ३० जीबीचा, २००५ साली निघालेलं मॉडेल. बॅटरी पार गेली होती आणि आतली १.८ इंची हार्ड डिस्क मधूनच टकटक आवाज करायला लागली होती, म्हणून तुमच्याकडे दिला. काम ठरलं ते एवढंच, नवीन बॅटरी टाकायची आणि डिस्कच्या जागी अडॅप्टरवर १२८ जीबीचं एसडी कार्ड बसवायचं. तुमच्या फॉर्ममध्ये सूचनांचा रकाना आहे, त्यात मी स्पष्ट लिहिलं होतं की जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, जशी आहे तशी परत पाठवा, आणि नवीन कार्ड मॅकला लावून रिस्टोर करू नका, म्हणजे सगळं पुसून मॅकच्या फॉरमॅटमध्ये नेऊ नका, विंडोजला चालणाऱ्या फॅट३२ फॉरमॅटमध्येच ठेवा. स्क्रीनशॉट जोडलाय.

आयपॉड परत आला तो मॅकवर रिस्टोर केलेला. विंडोजच्या लॅपटॉपला लावला की डिस्क फॉरमॅट करू का विचारतो. मी त्यावर रॉकबॉक्स नावाचं दुसरं, मोफत सॉफ्टवेअर वापरतो आणि ते मॅकच्या फॉरमॅटवर चालत नाही, त्याला फॅट३२ लागतं, म्हणूनच तर आधी लिहून दिलं होतं. तो भाग मी स्वतः निस्तरला, एका रविवारी विंडोजवर आयट्यून्समधून पुन्हा रिस्टोर केलं, मग रॉकबॉक्स युटिलिटीने बूटलोडर (चालू करताना रॉकबॉक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आणि बाकीच्या फाइल्स टाकल्या, चालू झालं. वेळ गेला, पण ते होऊन जातं. जुन्या डिस्कचं मात्र तसं नाही, ती बॉक्समध्ये नव्हतीच.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल मी एवढा का मागे लागलोय. माझी आत्या चिपळूणची, तिला जात्यावरच्या ओव्या खूप यायच्या. बाबांनी ९० च्या दशकात तिच्या १९ कॅसेट टेपरेकॉर्डरवर भरल्या होत्या. पुढे मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेऊन एफएलएसी फाइल्स केल्या, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या ऑडिओ फाइल्स. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं त्यात कॅसेट पण गेल्या आणि तो कॉम्प्युटर पण गेला. आत्या त्याआधीच गेली होती. आयपॉड माझ्याबरोबर पुण्यात होता म्हणून वाचला. ११ कॅसेटच्या फाइल्स मी पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मग डिस्क अडकायला लागली, कॉपी मध्येच थांबायची, म्हणून जास्त ताण न देता बंद करून ठेवला. म्हणजे उरलेल्या ८ कॅसेट फक्त तुमच्याकडे राहिलेल्या त्या डिस्कवर आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.

तुमच्या एका प्रतिनिधीने मला लिहिलं की आयपॉडमध्ये 'अनधिकृत व्हायरससारखं सॉफ्टवेअर' होतं म्हणून टेक्निशियनने साफ केलं. हे मला अजिबात मान्य नाही. रॉकबॉक्स हे २००१ पासून चाललेलं मोफत, ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारं सॉफ्टवेअर आहे, सुरुवात आर्कोसच्या प्लेअरसाठी झाली, नंतर किती तरी प्लेअरवर आलं. मूळ सॉफ्टवेअर ते पुसत पण नाही, चालू करताना होल्डचं बटण सरकवलं की अ‍ॅपलचंच सुरू होतं. मी ते वापरतो कारण अ‍ॅपलचं मूळ सॉफ्टवेअर एफएलएसी वाजवत नाही, आणि रॉकबॉक्समध्ये फोल्डर जसे टाकाल तसेच दिसतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करता येतो. आत्या भरभर म्हणायची, मध्ये जात्याची घरघर, तिची बोली जुनी, तर मी ८० टक्के वेगावर लावून एकेक ओवी वहीत उतरवतो, जिथे थांबलो तिथे बुकमार्क करतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. रोज रात्री जेवण झाल्यावर हेच काम. दोन वह्या भरल्यात. तुमच्या टेक्निशियनला जे साफ करावंसं वाटलं ते हे होतं.

आता बॅटरी. नवी टाकून जेमतेम ४ तास चालतेय. या मॉडेलला नवीन असताना अ‍ॅपलने १४ तास सांगितले होते, आणि आता तर फिरणारी डिस्क पण नाही. तुम्ही म्हणालात रॉकबॉक्समुळे बॅटरी उतरते आणि म्हणून वॉरंटी बाद. मी पूर्ण चार्ज करून दोन दिवस फक्त मूळ सॉफ्टवेअरवर एमपी३ लावून बघितलं, स्क्रीन बंद, इक्वलायझर बंद, तरी पहिल्या दिवशी ४ तास आणि दुसऱ्या दिवशी ४ तास १० मिनिटं. म्हणजे बॅटरीच खराब आहे, सॉफ्टवेअरचा संबंध नाही, ती बदलून द्या किंवा तिचे पैसे परत करा. यावर माझा जास्त वाद नाही.

पण डिस्क मला पाहिजेच. शेवटच्या चॅटमध्ये सांगितलं की काढलेले पार्ट स्क्रॅपमध्ये जातात. माझी वस्तू, मी लेखी परत मागितलेली, ती स्क्रॅपमध्ये टाकायचा हक्क कुणाला कसा असू शकतो? कृपया वर्कशॉपमध्ये कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवून शोधायला लावा, नुसतं सिस्टीममध्ये बघून नाही म्हणू नका. डिस्कच्या मागे मी मार्करने माझा मोबाईल नंबर लिहिलेला आहे, ओळखू येईल. सापडली तर चालू आहे का बघायला म्हणून सुद्धा लावू नका. चुकून फॉरमॅट झाली असेल तरी वरून दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर फाइल्स परत मिळू शकतात, पण तीच डिस्क परत फिरवली, त्यावर काही टाकलं की मग अवघड होतं. आणि खरंच टाकून दिली असेल तर कधी, कुणाला दिली ते लेखी कळवा, त्या भंगारवाल्याकडे मी स्वतः जाऊन शोधीन.

१५ दिवस थांबतो. तोपर्यंत उत्तर नाही आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, कागद सगळे तयार आहेत. पण मला खटला नकोय, मला ती डिस्क हवी आहे. सापडली की अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, चारी बाजूंनी फोम लावून ठेवा आणि कुरिअर करू नका, फक्त फोन करा, मी पुण्याहून स्वतः घ्यायला येतो.

आपला,
एक ग्राहक, पुणे