चार टक्के भाजलेला माणूस

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

जळीत वॉर्डात नाव नंतर, आधी टक्के विचारतात. "तुमचं किती टक्के?" एका पेशंटची आई दुसऱ्या पेशंटच्या बायकोला हेच विचारते. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते आणि नोकरीतली बरीच वर्षं याच वॉर्डात गेली. टक्के मोजायची आमची रीत सोपी आहे. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का. अख्खा हात नऊ टक्के, अख्खा पाय अठरा.

या हिशेबाने दोन्ही पंजे आतून-बाहेरून भाजले तर भरतात चार टक्के. शेजारच्या खाटेवर साठ टक्केवाला असतो, त्यामुळे चार टक्केवाल्याकडे बघून लोक म्हणतात, "सुटलास बाबा."

अशाच एका सुटलेल्या मुलाबद्दल लिहिते. विशीतला, हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. सिलिंडर बदलताना गॅस गळला, भडका उडाला. हजेरीपुस्तक नाही, पगार रोखीत. तिसऱ्या दिवशी मालक शहाळी घेऊन आला, वीस हजार रुपये उशाशी ठेवले आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की 'आमची काही तक्रार नाही'. मुलाच्या हातांना पट्ट्या, म्हणून सही त्याच्या आईची. पोलिसांना मालकाने सांगितलं की पोरगा कामावर नव्हता, मित्राला भेटायला आला होता.

महोदय, आपलं खातं कायद्याचं, म्हणून विचारते. कर्मचारी नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा असा कोणताही करार रद्दबातल असतो. म्हणजे त्या स्टॅम्पपेपरला रद्दीचाही भाव नव्हता. हे मला कळलं निवृत्त झाल्यावर, भाच्याच्या वकिलीच्या पुस्तकात. त्या मुलाला आणि त्याच्या आईला तर कळलंच नाही. दावा करायची मुदत दोन वर्षांची होती. त्यातलं पहिलं वर्ष त्वचारोपण, बोटं सरळ ठेवणारी स्प्लिंट आणि दिवसातले तेवीस तास घालायच्या घट्ट प्रेशर गारमेंटमध्ये गेलं. दुसऱ्या वर्षी बोटं आखडली, ती सोडवायला पुन्हा शस्त्रक्रिया. मुदत कधी सरली हे त्या घरात कुणालाच कळलं नाही.

आता दुसरं चित्र बघा. हाच मुलगा हॉटेलच्या दारात एखाद्या टेम्पोखाली आला असता तर? त्याच्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. गाडीचा विमा सक्तीचा आहे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनीच ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे धाडायचा असतो. वय किती, कमाई किती, पुढची किती वर्षं बुडाली, हे गणित कसं मांडायचं ते ठरलेलं आहे. ही व्यवस्था काही सोन्यासारखी चालत नाही, तिथेही वर्षं जातात. पण निदान एक दार आहे, आणि कोणत्या दारावर थाप मारायची ते माहीत आहे. आगीत भाजलेल्याला किती दारं? कामावर असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा. घरगुती गॅस असेल तर तेल कंपनीचा विमा. रसायनांचा कारखाना असेल तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. सदोष वस्तू असेल तर ग्राहक आयोग. कुणी पेटवलं असेल तर पीडित भरपाई योजना. प्रत्येकाची मुदत वेगळी, कागद वेगळे, कचेरी वेगळी. आणि हे सगळं शोधायचं कुणी? ज्याला स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला धरता येत नाही त्याने.

गॅसच्या विम्याचंच घ्या. ग्राहकाला त्यासाठी वेगळा पैसा भरावा लागत नाही. तेल कंपन्यांनी तो आधीच उतरवलेला असतो. अपघाताचं कारण गॅस असेल तर मृत्यूला माणशी ६ लाख रुपये आणि जखमीच्या औषधोपचाराला माणशी २ लाखांपर्यंत. अट एवढीच की वितरकाला ताबडतोब लेखी कळवायचं. आमच्या वॉर्डात 'गॅसचा भडका' म्हणून येणाऱ्या किती जणांच्या घरच्यांनी हे पत्र दिलं असेल? एकानेही मला कधी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. मला माहीतच नव्हतं.

(त्या भडक्यांमधले काही भडके गॅसचे नसायचे, हेही इथे लिहून टाकते. जबाब घेताना सासू खाटेच्या पायथ्याशी उभी असली की सून 'स्टोव्हचा भडका' एवढंच म्हणते. तिथे आधी एका परक्या, आपल्या बाजूच्या माणसाची गरज असते, कायद्याची पुस्तकं नंतर.)

मोठी आग लागली की मंत्री येतात, मृतांच्या वारसांना रक्कम जाहीर होते आणि पुढचं वाक्य ठरलेलं, 'जखमींच्या उपचारांचा खर्च शासन करेल'. तो खर्च डिस्चार्ज कार्डावर संपतो. भाजलेल्या माणसाचं आजारपण तिथून सुरू होतं. २०१७ च्या कमला मिलच्या आगीत १४ गेले, हा आकडा मुंबईत कुणीही सांगेल. जखमी किती होते आणि आज ते काय करतात, हे विचारून बघा. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांनी संघटना बांधून लढा दिला, म्हणून १४ वर्षांनी, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा निकाल दिला. त्यात जखमींच्या वाट्याला प्रत्येकी एक लाख. ज्यांच्यामागे संघटना होती त्यांची ही गत.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना यादीत घेतलं, फार चांगलं केलं. पण तोच चेहरा रॉकेलने किंवा गॅसने जळाला तर यादीत जागा नाही. सांधा किती हलतो तेवढंच मोजतात. साठ टक्के भाजलेली बाई दाखल्याच्या खिडकीवर जाते आणि तिला चाळीस टक्केही मिळत नाहीत. "सिस्टर, बाकीचे टक्के कुठे गेले?" असं एकीने विचारलं होतं. वॉर्डातले टक्के वेगळे, दाखल्यातले वेगळे, हे तिला समजावताना मलाच लाज वाटली. ही यादी दिल्लीत ठरते हे मला कळतं. राज्य सरकार दिल्लीला पत्र तर लिहू शकतं.

जे मुंबईतच होऊ शकतं ते मात्र मागते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आपल्याला माहीत असेलच. स्त्रिया, मुलं, कामगार, दिव्यांग आणि मोठ्या किंवा औद्योगिक आपत्तीत सापडलेले, या सगळ्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जळीत वॉर्डातल्या खाटा मोजल्या तर जवळपास प्रत्येक खाट या यादीत बसते. प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात आहे, विधी स्वयंसेवक आहेत, १५१०० हा फोन नंबर आहे. फक्त ते बहुतेक न्यायालयाच्या आवारात बसतात, आणि आमचा पेशंट तिथवर चालत जाऊ शकत नाही.

तेव्हा त्यांना वॉर्डात पाठवा. भाजलेला माणूस दाखल झाला की एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होतेच. ती पोलीस चौकीला जाते तशीच त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला जाऊ दे. आठवड्याच्या आत स्वयंसेवकाने खाटेपाशी येऊन सांगावं की कोणता अर्ज, कुणाकडे, कोणत्या तारखेआधी. पंचनाम्याची आणि अग्निशमन दलाच्या अहवालाची प्रत त्यानेच मिळवावी. आणि स्टॅम्पपेपर घेऊन येणाऱ्याला दारातच अडवावं. मोटार अपघातासारखं न्यायाधिकरण जळितांसाठीही हवं, पण त्याला विधेयक लागेल, वेळ लागेल. वॉर्डातल्या स्वयंसेवकाला एक परिपत्रक पुरेल.

तो मुलगा मला अधूनमधून भेटतो. आता एका पार्किंगमध्ये शिट्टी वाजवायचं काम करतो. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून धान्य आणायला आई जाते.

पहिला स्वयंसेवक कोणत्या रुग्णालयात, कोणत्या दिवशी येणार, तेवढं कळवावं. मी निवृत्त असले तरी त्याला वॉर्ड दाखवायला येईन. फक्त सकाळी ड्रेसिंगच्या वेळी पाठवू नये. तेव्हा तिथे कुणाला काही ऐकू येत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका